हसवणाऱ्या माणसाचं खरं लिहायचं की नाही?



आठवणी लिहिताना थोडं खरंही लिहा, एवढंच मी मागे म्हटलं, तर इथल्या चौघांनी सुनावलं, 'घरची धुणी चव्हाट्यावर कशाला?' त्याला हे उत्तर.

मुलाकडे न्यू जर्सीला होतो तेव्हा एक जुना सिनेमा पाहिला. 'जो जो डान्सर, युअर लाइफ इज कॉलिंग', 1986 चा. रिचर्ड प्रायर हा अमेरिकेतला फार मोठा कृष्णवर्णीय विनोदवीर. दिग्दर्शन, निर्मिती, मुख्य भूमिका त्याचीच, लेखनातही हात. नायकाचं नाव जो जो, पण आयुष्य बरंचसं प्रायरचंच. आजीच्या कुंटणखान्यात गेलेलं बालपण, मोडलेली लग्नं, कोकेन. जून 1980 मध्ये प्रायर स्वतःच्या घरी भयंकर भाजला. अपघात झाला, असं तेव्हा सांगितलं गेलं. 1982 च्या स्टेज शोमध्ये त्याने त्याच भाजण्यावर विनोद करून लोकांना हसवलं. सिनेमात मात्र जो जो स्वतःच अंगावर दारू ओततो आणि पेटवून घेतो. तो आत्महत्येचा प्रयत्न होता, हे प्रायरने नंतर उघड कबूल केलं.

सिनेमा थोर आहे असं मी म्हणत नाही. लग्नांचे प्रसंग तर घाईत उरकलेत. पण ज्याने विनोदाआड लपवलं, त्यानेच नंतर खरं दाखवलं. त्याला धैर्य लागतं.

आता आपल्या बडोद्याकडे या. आमचे मधले काका गणेशोत्सवातल्या नाटकांत विनोदी काम करायचे. ते स्टेजवर आले की अख्खी पोळ हसायची. त्यांच्यावर घरात जे काही लिहिलं गेलं, त्यात 'सदा हसतमुख' हे ठरलेलं. हसतमुख होतेच, पण रोज संध्याकाळी पोटली लागायची. गुजरातमध्ये दारूबंदी, म्हणजे कागदावर कोणीच पीत नाही. आमच्या घरातही कोणी पीत नव्हतं! काकू बांगड्या गहाण ठेवत होत्या. काका पन्नाशीत गेले, तर बाहेर सांगितलं, 'हार्टचं होतं.'

'मुलांवर काय संस्कार होतील?' हा तुमचा मुख्य मुद्दा. मग ऐका. काकांच्या नातवाला तिशीत तेच व्यसन लागलं. डॉक्टरांनी विचारलं, घराण्यात आधी कुणाला होतं का? त्याची आई, म्हणजे काकांची सख्खी मुलगी, सवयीने 'नाही' म्हणाली. घरी येऊन ढसाढसा रडली. लपवून काय मिळालं, सांगा.

मी बँकेत छत्तीस वर्षं काढली. 31 मार्चला ताळेबंद सजवणारे पाहिले. बुडीत कर्ज चांगलं दाखवलं म्हणून वसूल होत नाही, उलट पुढच्या मॅनेजरच्या गळ्यात पडतं. आपल्या आठवणींचं तेच झालंय. वाडा, सरदारकी, सयाजीरावांची कृपा, सगळं जमेच्या बाजूला. नावेची बाजू कोरी.

बदनामी करा, असं मी म्हणत नाही. जिवंत माणसाचं त्याला विचारल्याशिवाय लिहू नये. हे लिहिण्याआधी मीही बहिणीला आणि भाच्याला विचारलं. ती म्हणाली, 'लिही दादा, आता पुरे झालं लपवणं.' भाचा सध्या सावरतोय.

काकांवर माझं प्रेम आजही तेवढंच आहे. खरं लिहिल्याने ते कमी झालं नाही, वाढलं.

पटलं तर तुमच्याही घरातल्या अशा एखाद्या काकांबद्दल लिहा. नाही पटलं तर मला खुशाल शिव्या द्या, पण निदान डॉक्टरांना खरं सांगा.