गावच्या आगीच्या बंबाचा खर्च कोणी सोसावा?

फाल्गुन-चैत्राच्या दिवसांत रब्बीची मळणी उरकत आलेली असते, कडब्याच्या गंज्या रचून झालेल्या असतात आणि गोठ्याच्या छपरावरील पाचट वाळून कडकडीत झालेले असते. याच दिवसांत वारा सुटतो. विजेच्या सैल तारा एकमेकींस लागून पडलेली ठिणगी, बांध जाळताना सुटलेला विस्तव किंवा निष्काळजीपणे टाकलेली विडी एवढे कारण पुरते. वर्षाची वैरण पाहता पाहता राख होते. दाव्याला बांधलेल्या जनावराची अशा वेळी काय गत होते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. तालुक्याच्या गावाहून निघालेला बंब पंचवीस-तीस किलोमीटर येईपर्यंत विझविण्यासारखे फारसे उरलेले नसते. यात बंबावरील जवानांचा दोष नाही; दोष अंतराचा आहे.

म्हणूनच गावातच स्वयंसेवकांचे दल असावे, हा विचार योग्य होय. परंतु असे दल उभे करणे एक आणि ते चालविणे व वाढविणे दुसरे. पहिल्या कामास उत्साह पुरतो, दुसऱ्यास पैसा लागतो. आणि या पैशाविषयी गावोगाव जी अस्पष्टता आहे, ती दूर होणे जरूर आहे.

घटनेच्या 74 व्या दुरुस्तीने 1992 मध्ये जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा नगरपालिकांचा विषय म्हणून नोंदलेला आहे. पंचायतींसाठी असलेल्या अकराव्या अनुसूचीतील 29 विषयांत तो नाही. उलट महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींच्या 1958 च्या अधिनियमास जोडलेल्या ग्रामसूचीत आग विझविण्याच्या कामी साहाय्य करणे आणि त्या वेळी जीवित व मालमत्ता यांचे रक्षण करणे हे पंचायतीचे काम सांगितले आहे. कर्तव्य गावाकडे आहे, पैशाची वाट मात्र शहराकडे वळलेली आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार 2021 ते 2026 या काळात राज्यांच्या अग्निशमन सेवांचा विस्तार व आधुनिकीकरण यांसाठी 5,000 कोटी रुपयांची तरतूद झाली. बहुतेक राज्यांनी एकूण खर्चाचा 25 टक्के वाटा स्वतः घालावयाचा होता. अशा रकमेतून गावच्या दलाची पहिली सामग्री मिळावी, ही मागणी रास्त आहे व ती पंचायतींनी आग्रहाने करावी. तथापि ती मिळेपर्यंत हात बांधून बसणे परवडणारे नाही.

सामग्रीचा विचार केला तर गावात आज बरेच काही आहे. ट्रॅक्टरमागे जोडावयाचा पाण्याचा टँकर आहे, डिझेल इंजिन आहे, द्राक्षबागांच्या भागात फवारणीचे ब्लोअर आहेत. 2020 मध्ये साथीच्या काळात याच ब्लोअरांनी गावांतील रस्ते फवारले गेले. बंबाची सर त्यांस येणार नाही, परंतु भरलेला टँकर, त्यावर बसविलेला पंप, पुरेसा होज आणि वीजप्रवाह बंद झाल्याची खात्री केल्यावाचून पाणी न मारण्याची शिस्त असलेली दहा-बारा माणसे एवढ्यावर आरंभीची आग आटोक्यात येऊ शकते.

खरी अडचण पुढे येते. एका गावाचे दल नीट काम करू लागले की शेजारच्या चार गावांतून बोलावणे येऊ लागते. आग लागलेली असताना नाही म्हणवत नाही आणि म्हणूही नये. पण डिझेल, टायर, बॅटरी, फाटलेला होज यांचा खर्च एकाच गावाच्या माथी बसतो. मग दुसरा टँकर हवा, शेड मोठी हवी. त्यासाठी देणगीदार मिळतो, कारण शेडवर नावाची पाटी लावता येते. होजवर पाटी लागत नाही! म्हणून वस्तू येतात आणि दोन वर्षांनी बिघडून पडतात. विस्ताराचा पहिला रुपया नव्या यंत्रासाठी नव्हे, तर असलेल्या यंत्राच्या वार्षिक देखभालीसाठी व स्वयंसेवकांच्या अपघात विम्यासाठी राखून ठेवावा. दुसऱ्याचा गोठा वाचविताना भाजलेल्या तरुणाच्या औषधपाण्याचा भार त्याच्याच घरावर पडत असेल, तर पुढच्या वर्षी दलात कोणी येणार नाही.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याचे ग्रामीण अग्निशमन दल मुख्यतः स्वयंसेवकांवर चालते. तेथे आणीबाणी सेवांच्या खर्चाची वाटणी कायद्याने अशी ठरली, की 73.7 टक्के विमा कंपन्यांनी, 11.7 टक्के स्थानिक संस्थांनी व 14.6 टक्के राज्याने द्यावे. कंपन्या आपला वाटा विमेदारांकडून वसूल करतात, पण विमा न उतरविणाऱ्याचे घरही दल विझवितेच. या कारणाने ही पद्धत बदलण्याचा मनोदय तेथील सरकारने 2023 मध्ये जाहीर केला. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. 2019-20 च्या वणव्यांच्या वेळी त्या दलाच्या निधीसाठी लोकांनी 5 कोटी 10 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांहून अधिक रक्कम दिली. त्यातील काही भाग वणवाग्रस्तांना द्यावा असे पुष्कळांस वाटले. परंतु निधीच्या लेखात तो हेतू नसल्याने तसे करता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने 2020 मध्ये दिला.

आपल्याकडे म्हणून वर्गणी गोळा करण्यापूर्वी ठराव लिहावा. पैसा कशासाठी, बाहेरगावी गेल्यास डिझेल कोणाचे, दल मोडल्यास शिल्लक कोणाकडे, हे त्यात असावे. ज्या गावांना दलाचा उपयोग होतो, त्या सर्वांच्या ग्रामसभांनी एकाच मजकुराचा ठराव करणे इष्ट. 400 घरांच्या गावात घरटी दरमहा 10 रुपये जमले, तरी वर्षाचे 48,000 रुपये होतात. पाच गावांचे त्या मानाने अधिक. साखर कारखान्यासही या कामी वाटा मागावा. जळालेला ऊस वेळेवर गाळपास न गेल्यास वजन व उतारा दोन्ही घटतात, आणि जळीत उसाच्या दरातील कपात शेतकऱ्याच्या पदरी पडते. जेथे दोघांचेही नुकसान, तेथे खर्चही दोघांचा असणे न्याय्य होय.

ठरावास योग्य वेळ 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेची. म्हणजे पुढील वर्षाच्या ग्रामविकास आराखड्यात देखभालीची रक्कम धरता येते आणि उन्हाळ्यापूर्वी सराव होतो. हिशेबाची वही 1 मेच्या ग्रामसभेत सर्वांसमोर वाचावी, आणि ज्या गावाची वर्गणी थकली असेल त्याचे नावही त्याच वेळी वाचावे.