ऊबदार पाणी, खुजा मासा

समुद्र तापल्याने मासळी वाढेल, असा एक युक्तिवाद केला जातो. मासा शीतरक्ताचा प्राणी. पाण्याला ऊब आली की त्याचे पचन वेग घेते, पिल्ले झपाट्याने वाढतात. हे खरे आहे, पण अर्धेच. लवकर वाढलेले पिल्लू वयातही लवकर येते आणि पूर्ण वाढीला लहानच राहते. शिवाय १० अंश सेल्सिअसच्या समुद्रपाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना जेमतेम ६. म्हणजे देहाची गरज वाढते आणि पुरवठा आटतो. मोठ्या देहाला कल्ले पुरे पडत नाहीत, हे मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांचे स्पष्टीकरण अनेक शरीरक्रियाशास्त्रज्ञांना अमान्य आहे. पण कारणाबद्दल वाद असला म्हणून नोंदी खोट्या ठरत नाहीत. युरोपच्या उत्तर समुद्राचे पाणी ४० वर्षांत १ ते २ अंशांनी तापले. त्याच काळात अभ्यासलेल्या ८ व्यापारी जातींपैकी ६ जातींचे मासे खुजे झाले.

हा दोष उष्णतेचा नव्हे, जाळ्यांचा, असा दुसरा आक्षेप. मोठे मासे वेचून काढले की उरलेले लहान दिसतात, हे नाकारता येत नाही. परंतु राहणी आणि आयुर्मान वेगळे असलेल्या जाती एकाच सुमारास आक्रसतात, तेव्हा केवळ जाळ्यांवर बोट ठेवून भागत नाही.

तिसरा आक्षेप स्थलांतराचा: मासे थंड पाण्याकडे सरकतील, एकाचे नुकसान तो दुसऱ्याचा लाभ. काही साठ्यांना लाभ झालाही. पण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जगभरातल्या २३५ साठ्यांचा हिशेब मांडला, तेव्हा १९३० ते २०१० या काळात तापमानवाढीमुळे त्यांचे टिकाऊ उत्पादन ४.१ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. उत्तर समुद्रात ही घट ३५ टक्क्यांच्या घरात होती. नफा-तोटा समसमान नाही.

खरी गोष्ट अशी की उष्णता आणि अतिमासेमारी एकमेकींचे बळ वाढवतात. केरळात २०१२ मध्ये सुमारे ३.९ लाख टन तारली मिळाली. २०२१ मध्ये अवघी ३,२९७ टन. तारलीचे चढउतार जुनेच आहेत. पण समुद्राची स्थिती प्रतिकूल असताना पिल्लेही उपसली, तर साठा सावरणार कशाच्या जोरावर? गाभोळीचे गणितही हेच सांगते. ३० किलोची एक कॉड मादी जितकी अंडी घालते, तितक्यांसाठी २ किलोच्या सुमारे २८ माद्या लागतात. मासा खुजा झाला की अंडी वजनाच्या प्रमाणाहून अधिक घटतात.

म्हणून तापणाऱ्या समुद्रात मासेमारीची जुनी मर्यादाही जास्त ठरते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला, तो याच दिशेने. पिल्लू वयात येईपर्यंत जाळ्याच्या आसातून, म्हणजे छिद्रातून, सुटले पाहिजे आणि मोठ्या माद्या पाण्यात उरल्या पाहिजेत. पाणी थंड करणे कोळ्याच्या हाती नाही; जाळ्याचा आस मात्र आहे.