हुपरीकरांनो, नजर कामावर आणा

गुढीपाडव्याच्या आत हुपरीनं एक निर्णय घ्यावा, एवढ्यासाठी हे लिहितो आहे. पाडव्याच्या संध्याकाळपासून रोज सात ते साडेआठ या वेळात गावातल्या प्रत्येक घरातला मोबाईल आणि टीव्ही बंद राहावा. चांदीच्या प्रत्येक कारखान्यात, मग तो वीस कारागिरांचा असो की माडीवरच्या एका खोलीतला, काम चालू असताना मोबाईल कारागिराच्या हाताशी नसावा. आणि चांदीचा भाव दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी बघावा, फळ्यावर लिहावा आणि कामाला लागावं. मागणं एवढंच आहे. ते आत्ताच का, आणि सगळ्यांनी मिळूनच का, ते सांगतो.

2025 च्या सुरुवातीला किलोला नव्वद हजारांच्या आसपास असलेली चांदी वर्ष संपता संपता दोन लाखांच्या पुढे गेली. मध्येच ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर ती चढत गेली आणि ऐन दिवाळीत थोड्या दिवसांत हजारोंनी उतरली. याचा अर्थ आपल्या गावाला कुणी समजावून सांगायला नको. इथं चांदी वजनावर येते आणि वजनावर जाते. घट कुणाच्या अंगावर पडली, यावरून इथं जुने घरोब्याचे संबंध तुटलेले आहेत. भाव दुप्पट झाला की एका ग्रॅमची चूकही दुप्पट महाग होते. म्हणजे हात कधी नव्हे इतका सावध हवा, अशी ही वेळ आहे. आणि नेमकी याच वेळी नजर मोबाईलमध्ये अडकली आहे. भाव हलतो म्हणून आपण सारखा बघतो, आणि सारखा बघतो म्हणून तो आणखीच हलल्यासारखा वाटतो.

एमसीएक्सवरचा चांदीचा वायदा सकाळी नऊला सुरू होतो आणि रात्री साडेअकरापर्यंत चालतो. हिवाळ्यात अमेरिकेतली घड्याळं मागं गेली की अकरा पंचावन्नपर्यंत. न्यूयॉर्कच्या बाजारात दुपार असते, तेव्हा आपल्याकडे जेवणं उरकून अंथरुणं घातलेली असतात. मोठा सौदा तीस किलोचा असतो. किलोमागं हजार रुपये हलले की तीस हजारांचा फरक. मिनी पाच किलोचा, मायक्रो एक किलोचा. ज्याचा पाच-पन्नास किलो माल बाहेर अडकला आहे, त्यानं भावावर डोळा ठेवणं हा त्याचा धंदाच आहे, त्याला कुणी बोल लावू नये. पण ज्याच्या समोरच्या चांदीतला एक ग्रॅमही स्वतःच्या मालकीचा नाही, तो मजुरीवरचा पोरगाही दर पाच मिनिटांनी तो आकडा का बघतो? त्या आकड्यानं त्याची आजची मजुरी एक रुपयानं वाढत नाही. वाढते ती फक्त तगमग. आणि त्या तगमगीतून एखाद्या रात्री तो मायक्रोचा सौदा घेऊन बसतो.

सेबीनं सप्टेंबर 2024 मध्ये शेअर बाजारातल्या वायदे-व्यवहारांचा तीन वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. वैयक्तिक सौदे करणाऱ्या दर शंभरांतले त्र्याण्णव तोट्यात होते. तो हिशेब शेअरचा आहे, चांदीचा नाही. पण मोबाईलवर बोट दाबून सौदा घेणारा माणूस तोच आहे. पैशांवर खेळायचे ऑनलाईन खेळ ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं कायदा करून बंद केले. हे चांगलंच झालं, कारण रमीनं आणि क्रिकेटच्या टीम लावण्यानं किती घरं पोखरली, ते प्रत्येक गल्लीला माहीत आहे. पण हाताला लागलेली सवय कायद्यानं जात नाही. ती दुसरं ॲप शोधते.

आता कारखान्यात या. पैंजणाची कडी झाळताना नेमकं काय होतं, ते बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. शुद्ध चांदी 961 अंशांना वितळते. झाळ त्याच्या खालच्या तापमानाला वितळावी म्हणून तिच्यात तांबं, जस्त मिसळलेलं असतं. हे अंतर फार मोठं नसतं. ज्योत फिरवता फिरवता चांदीचा रंग बदलतो, मग झाळ चमकते आणि सांध्यात पळते. त्या क्षणी ज्योत उचलायची. आधी उचलली तर सांधा कच्चा राहतो आणि गिऱ्हाइकाच्या पायात तुटतो. उशिरा उचलली तर कडीच बसते. हा क्षण घड्याळात मोजता येत नाही, तो डोळ्यानंच पकडावा लागतो. शेजारी ठेवलेला मोबाईल थरथरला आणि नजर अर्धा सेकंद तिकडं गेली, तर तेवढं पुरतं. हे नुकसान चांदीचं झालं. डायप्रेसवर, आटणीच्या मुशीपाशी, तेजाबाच्या भांड्यापाशी नजर सरकली तर ते शरीराचं होतं, आणि बोट गेलेल्या कारागिराला दुसरा धंदा नसतो.

त्यातही हुपरीचं काम एका हाताचं नाही. एकजण आटणी करतो, दुसरा तार आणि पट्टी ओढतो, तिसऱ्या घरात बायका कड्या जोडतात, चौथीकडं झाळ होते, पाचवीकडं घुंगरू बसतात, मग पॉलिश. माल रेंदाळला जातो, यळगूडला, पट्टणकोडोलीला जातो आणि फिरून परत येतो. शंभर वर्षांहून जुना हा धंदा उभा राहिला तो अशा हातोहात चालणाऱ्या कामावर. म्हणून इथं एकाचं लक्ष उडालं की त्याचं एकट्याचंच काम बिघडत नाही. झाळवाल्याकडून माल अडीच दिवस उशिरा आला की पॉलिशवाला रिकामा बसतो, आणि रिकामा बसला की तोही मोबाईल काढतो. राजकोट, आग्रा, सेलमचा व्यापारी मात्र थांबत नाही. त्याच्या दारात यंत्रावरचा माल ढिगानं पडलेला आहे. आपल्या मालाला वर चार पैसे मिळतात ते हातकामाच्या सफाईला, आणि सफाई लक्षातून येते.

कुणी म्हणेल, आमच्या आया-आज्या गाणी ऐकत ऐकतच कड्या जोडत होत्या की! खरं आहे. आकाशवाणी लावून या गावानं मणांनी चांदी घडवली आहे. पण रेडिओ कान मागत होता. डोळा आणि हात कामाला मोकळे सोडत होता. मोबाईलचा पडदा डोळा मागतो, आणि मध्येच अंगठाही. म्हणून गाणी लावा, कीर्तन लावा, सामन्याचं धावतं वर्णन लावा. कारखान्यात मालकानं एक स्पीकर ठेवावा, त्याला माझा काडीचाही विरोध नाही. विरोध आहे तो गुडघ्याला टेकवून ठेवलेल्या रील्सना.

आणि हे व्यसन म्हणजे कारागिराचा आळस, असं मालकमंडळींनी समजू नये. बोट वर सरकवत राहिलं की पान संपतच नाही, ही रचना 2006 मध्ये एझा रास्किन या अमेरिकन तंत्रज्ञानं केली आणि पुढं त्यानंच तिच्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. पुढच्या वेळी काय दिसेल ते सांगता येत नाही, म्हणून माणूस पुन्हा सरकवतो. जुगाराच्या अड्ड्यावरून माणूस उठत नाही, तो याच कारणानं. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ग्लोरिया मार्क यांनी वर्षानुवर्षं ऑफिसातल्या माणसांच्या नजरेची वेळ मोजली. 2004 च्या सुमारास माणूस पडद्यावरच्या एका गोष्टीवर सरासरी अडीच मिनिटं टिकत होता. अलीकडच्या वर्षांत ते सत्तेचाळीस सेकंदांवर आलं. जगातली हुशार डोकी आणि अफाट पैसा एका बाजूला, आणि आपला अठरा वर्षांचा पोरगा दुसऱ्या बाजूला. ‘मनावर ताबा ठेव’ असं त्याला सांगून आपण हात झटकायचे, हा न्याय नव्हे. एकट्यानं मोबाईल बाजूला ठेवला तर ग्रुपवरचं काहीतरी आपलं हुकतं आहे, ही हुरहूर त्याला बसू देत नाही. सगळ्यांनी एकाच वेळी ठेवला, तर हुकायला काही उरतच नाही.

हे शेजारच्या सांगली जिल्ह्यात करून दाखवलेलं आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात ऑगस्ट 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. साडेआठपर्यंत टीव्ही बंद, मोबाईल बंद. कोरोनात शाळा मोबाईलवर गेली आणि शाळा उघडल्यावरही मोबाईल पोरांच्या हातातून सुटेना, वाचन-लेखन मागं पडलं, ही तिथल्या शिक्षकांची तक्रार होती. सरपंच विजय मोहिते यांनी स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी गावातल्या बायकांसमोर हा विषय मांडला आणि बायकांनी तो उचलून धरला. सुरुवातीला लोक हसले. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. पोलीस लागला नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीनं अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. हेतू चांगला होता, पण मला वडगावची वाट जास्त पटते. बाप रेट बघत बसलेला, आई मालिकेत, आणि बंदी फक्त पोरावर, हे घरात टिकत नाही. आपल्या करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा पोराला शाळेत न पाठवल्याचा दंड आईबापांना ठेवला होता, महिन्याला एक रुपया. जबाबदारी मोठ्यांची, हे तेव्हाच ठरलं आहे. आणि ठराव करायला हा मुलूख कधी मागं राहिलेला नाही. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं तो सगळ्या महाराष्ट्रापुढं ठेवला. हेरवाड इथून हाकेच्या अंतरावर आहे.

अडचण एक खरी आहे. वडगावला ग्रामसभा होती. आपण आता नगरपरिषदेचं गाव आहोत, सगळं गाव एका पारावर बसत नाही. म्हणून हे काम प्रभागातून, गल्लीतून, तालीम मंडळांतून आणि बचत गटांतून व्हायला हवं. बचत गटांवर माझा जास्त भरवसा आहे. हुपरीतली बरीचशी कारागिरी घरात बसून बायका करतात आणि पोरांचा अभ्यासही त्याच घेतात, त्यामुळं मोबाईलनं काय नेलं आहे, ते त्यांना सगळ्यात आधी कळलं.

धंद्याचं काय, हा प्रश्न कारखानदार विचारतील आणि तो विचारायलाच हवा. ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते, डिझाईनचा फोटो तिथंच येतो, पैसेही मोबाईलवरूनच. म्हणून मालक किंवा दिवाणजी, कुणातरी एकाचा मोबाईल चालू राहील. बाकीचे मोबाईल दाराशी एका लाकडी पेटीत, ज्याच्या-त्याच्या खणात. घरून तातडीचा निरोप आला तर तो चालू असलेल्या नंबरवर येईल, तो नंबर प्रत्येक कारागिराच्या घरी लिहून द्या. जेवणाच्या आणि चहाच्या सुट्टीत पेटी उघडी. भाव सकाळी अकराला एकदा आणि दुपारी चारला एकदा फळ्यावर. व्यापाऱ्याशी भाव ज्या वेळी बांधला, ती वेळ चिठ्ठीवर लिहावी, म्हणजे ‘त्या मिनिटाला तर वर होता’ ही भांडणं मिटतील. वेळा कोणत्या, यावर वाद असेल तर चांदी कारखानदार असोसिएशननं बसून ठरवावं. माझा आग्रह वेळेचा नाही, दोनदाचा आहे. मजुरीतून दंड कापू नका. दंड आला की कारागीर मोबाईल लपवायला शिकेल, आणि लपवलेला मोबाईल ज्योतीपाशी जास्त धोक्याचा.

रात्रपाळीच्या आणि लग्नसराईच्या घाईच्या दिवसांत दीड तासाची वेळ पुढं-मागं करावी लागेल. दवाखाना, औषध दुकान, ज्यांचं माणूस परगावी आहे अशी घरं, यांना या नियमातून सूट असायलाच हवी. जवाहर साखर कारखान्याचा हंगाम चालू असताना ऊसतोडीच्या आणि पाळीच्या कामगारांचीही सोय बघावी लागेल.

या दीड तासात करायचं काय, हे विचारणाऱ्या पोरांना माझं सांगणं आहे की कारखान्यात येऊन बसा. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला ज्योतीला हात लावू देऊ नका, पण रंग कसा बदलतो ते बघू द्या. आजोबा तारेचा पीळ बोटानं कसा ओळखतात, ते विचारू द्या. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही आणि व्हिडिओत दिसत नाही, कारण ते बोटात आहे. ज्यांची बोटं हे जाणतात, ती माणसं आता सत्तरीच्या घरात आहेत. यातलं कुणी ना कुणी दरवर्षी जातं, आणि त्याच्याबरोबर एखादा नमुनाही जातो. पाडवा टाळून आपण दसऱ्यावर गेलो, तर या माणसांबरोबरचे तेवढे महिने कायमचे हुकतील. घाई आहे ती याची.

येत्या रविवारी आपापल्या गल्लीत दहा घरं गोळा करा. नगरपरिषदेला द्यायच्या निवेदनावर घरटी एक सही घ्या, शक्यतो घरातल्या बाईची. निवेदनात तीनच गोष्टी लिहा: सातला भोंगा, साडेआठला भोंगा, आणि प्रत्येक प्रभागात फिरणाऱ्या पाच जणांची नावं. शाळांच्या मुख्याध्यापकांनी त्या वेळात शाळेची एक खोली वाचनासाठी उघडी ठेवायची तयारी दाखवली, तर तेही लिहा. कारखानदारांनी सुताराला पेटी सांगायला रविवारची वाट बघायची गरज नाही.