आधी कळूनही झालेला उशीर

काही वर्षांपूर्वी उत्तर भारतातील एका जिल्हा रुग्णालयात, नवजात अर्भकांच्या विशेष कक्षाबाहेर मला एक तरुण बाप भेटला. ३२व्या आठवड्यात जन्मलेली त्याची जुळी मुले आत होती. त्यांची आई मात्र ४० किलोमीटर दूर, जिथे प्रसूती झाली त्या छोट्या रुग्णालयात होती. ‘जुळी आहेत हे आम्हाला चौथ्या महिन्यापासून ठाऊक होते,’ तो म्हणाला. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. तरी ते वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही.

२०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बालके मुदतपूर्व, म्हणजे गर्भावस्थेचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मली. त्यांतील ३० लाखांहून अधिक भारतातील होती. एरवी कोणत्या मातेला अकाली कळा येतील हे आधी सांगणे कठीण असते. जुळ्यांची गोष्ट निराळी. निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवड्यांच्या आतच जन्मतात. हे संकट अवचित कोसळत नाही. कित्येक महिने आधी निरोप धाडून येते.

त्या निरोपाचा उपयोग करण्याची साधने आपल्यापाशी आहेत. पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीत गर्भाचे नेमके वय कळते आणि दोन्ही गर्भांची वार एकच आहे की वेगवेगळी, हेही कळते. बाळांची फुप्फुसे सक्षम करणारे डेक्सामेथासोनचे इंजेक्शन स्वस्त आहे. भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने नवजातांचे मृत्यू कमी झाले. मात्र, बेळगाव आणि नागपूर परिसराचा समावेश असलेल्या त्याआधीच्या सहा देशांच्या चाचणीत असे स्टेरॉइड गावपातळीपर्यंत सरसकट पोहोचवले, तेव्हा एकूण नवजात मृत्यू वाढले. माझ्या मते याचा बोध एकच: गर्भाच्या वयाची खात्री आणि नवजातांच्या उपचारांची सोय नसेल, तर निव्वळ औषध तारत नाही. म्हणून बाळांना मागाहून हलवण्यापेक्षा मातेलाच वेळेत योग्य ठिकाणी नेणे श्रेयस्कर.

यासाठी नवी योजना नको. दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या ‘सुरक्षित मातृत्व’ तपासणीत जुळ्यांच्या प्रत्येक मातेची स्वतंत्र नोंद व्हावी. २८व्या आठवड्यापूर्वी प्रसूतीचे रुग्णालय लेखी ठरावे. महाराष्ट्राच्या आदिवासी भागात गर्भवतींना आरोग्य केंद्राजवळ राहता यावे म्हणून ‘माहेरघर’ आहे. तशी सोय नवजात कक्ष असलेल्या रुग्णालयांपाशी देशभर का नसावी? खाटा अपुऱ्या आहेत, हा आक्षेप खरा आहे. परंतु जुळी होतात ती शंभर प्रसूतींमागे साधारण एकदा. एवढ्यांचे नियोजन जिल्ह्याच्या आवाक्याबाहेरचे नाही.

आणि आईला बाळांपासून तोडू नये. जन्मानंतर लगेच कमी वजनाचे बाळ आईच्या उघड्या छातीशी धरण्याची ‘कांगारू’ पद्धत सुरू केल्यास मृत्यू सुमारे चतुर्थांशाने घटतात, असे भारतासह पाच देशांतील चाचणीने २०२१ मध्ये दाखवून दिले. जुळी असतील तर दुसरे बाळ बापाने किंवा आजीने धरावे. त्या दिवशी तो बाप दाराबाहेर उभा होता. त्याला कुणी आत बोलावले नव्हते.