खतावणीतले रिकामे पान

व्यापारी कुटुंबांच्या खतावणीत माल, मजुरी, वाहतूक, व्याज आणि दलाली यांची खाती पिढ्यान्‌पिढ्या नेमाने लिहिली जातात. संशोधनाचे पान मात्र बहुधा कोरेच राहते. संशोधन औषधवाल्यांनी करावे. सूत, मसाले, भांडी किंवा जिनिंग यांत कसले आले संशोधन, असा समज रूढ आहे. नागपूरचा औद्योगिक इतिहास या समजाला दुजोरा देत नाही.

जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. लँकेशायरच्या गिरण्या तेव्हा म्यूल यंत्रावर विसंबून होत्या. एम्प्रेस मिलने १८८० च्या दशकात रिंग पद्धतीच्या चात्यांचा प्रयोग आधी थोड्या यंत्रांवर केला, फळ पाहिले आणि मगच विस्तार केला. शोध परक्यांचाच होता. तो आपल्या कापसावर आणि आपल्या कामगारांच्या हाती पारखून घेण्याचे श्रम मात्र गिरणीचे होते. भारतीय सूत त्या काळी चीनकडे मोठ्या प्रमाणावर जात असे. पुढे १८९३ मध्ये जहाजभाड्याच्या मक्तेदारीला शह देण्यासाठी जमशेटजींनी स्वतःची जहाजसेवा चालवली. प्रतिस्पर्ध्यांनी भाडे पाडताच तो उपक्रम बंद पडला. भाड्यातील किंवा दरातील लाभ दुसरा हिरावून घेऊ शकतो. कारखान्यात मुरलेले ज्ञान सहजी हिरावले जात नाही.

दुसरे उदाहरण जिनिंगचे. सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या दुहेरी रोलरच्या यंत्रात क्रोमने कमावलेल्या कातड्याच्या चकत्या वापरण्याची रीत होती. त्या झिजत असताना निघणारी क्रोमियमयुक्त धूळ कामगारांच्या श्वासात आणि रुईत मिसळे. इकडे १९९२ साली युरोपात सुरू झालेल्या ओएको-टेक्ससारख्या मानकांनी कापडातील घातक द्रव्यांवर मर्यादा घातल्या. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या नागपूर येथील जिनिंग प्रशिक्षण केंद्रात सुती कापड आणि रबर यांपासून क्रोमविरहित रोलर विकसित झाला. अहिंसेचा विचार करणाऱ्या घरांना कातडे टळल्याचेही समाधान वाटावे. दुहेरी रोलरचे यंत्र करवती यंत्रापेक्षा तंतूची लांबी अधिक जपते. या गुणामुळेच नागपुरात बनणारी जिनिंग यंत्रे आफ्रिकेतील कापूस उत्पादक देशांपर्यंत पोहोचली आहेत.

आधी संशोधन की आधी निर्यात, हा वाद अर्थशास्त्रात जुना आहे. काहींच्या मते सुधारलेले उद्योगच परदेशी जाण्याचे धाडस करतात; काहींच्या मते परदेशी ग्राहकच उद्योगाला सुधारतो. साध्या तंत्राच्या उद्योगात दोन्ही गोष्टी एकमेकींना पोसतात. पहिली लहान सुधारणा मालाला बंदरापर्यंत नेते. परत आलेली तक्रार पुढच्या सुधारणेचा विषय सांगते. तक्रारीवर केवळ सूट देऊन जो मोकळा होतो, तो हा विषय गमावतो. मग रुपयाची घसरण आणि सरकारी सवलत एवढाच त्याचा आधार उरतो, आणि ती ओसरली की बाजारही जातो.

याकरिता मोठी प्रयोगशाळा लागत नाही. दरवर्षी नफ्यातील एक ठरावीक हिस्सा प्रयोगासाठी बाजूला ठेवावा. प्रत्येक प्रयोगाची तारीख, खर्च आणि निष्पत्ती लिहावी. फसलेला प्रयोगही नोंदवावा, म्हणजे पुढची पिढी त्याच चुकीवर पुन्हा पैसा घालणार नाही. सरकारी संस्थांची चाचणी केंद्रे वापरावीत. प्राप्तिकर कायद्यात वैज्ञानिक संशोधनाच्या खर्चास वजावट आहे. तिच्या अटी सनदी लेखापालांकडून समजून घ्याव्यात.

येत्या पाडव्याला नव्या वह्यांचे पूजन होईल, तेव्हा त्यांत या खात्यासाठी एक पान राखावे. पहिली रक्कम लहान असली तरी चालेल.