हिमायतनगर ते हिमायतसागर

“बाबा, बंडलागुडा जागीरला तीन बेडरूमचा फ्लॅट बघून आलो,” चिरंजीव म्हणाले आणि हिमायतनगरच्या आमच्या जुन्या घरात चहा निवून गेला. गंमत बघा, हिमायतनगर आणि तिकडचा हिमायतसागर ही दोन्ही नावं निजामाच्या एकाच राजपुत्राची. १९०८ च्या मुसीच्या महापुरानंतर हैदराबाद शहर वाचवायला जे दोन तलाव बांधले, त्यातला हा एक. आता त्याच अंगाला टॉवर उगवताहेत. माहितीपत्रकातला पोहण्याचा तलाव देखणा आहे, पण मी विचारलं, खऱ्या तलावाची हद्द कुठे संपते? २०२४ मध्ये ‘हायड्रा’ या सरकारी यंत्रणेचे बुलडोझर तलावांतल्या बांधकामांवर फिरले, ते विसरलास? वर ‘आत्ताच बुक करा, स्वस्त पडेल’ आणि रेराचा नंबर म्हणे ‘येतोय’! नोंदणीआधी बुकिंग घ्यायला २०१६ च्या रेरा कायद्याची मनाई आहे. नोंदणी झाल्यावरही रजिस्टर्ड करारनाम्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत. सुपर बिल्टअपचं कौतुक मला सांगू नकोस. कार्पेट किती आणि जमिनीत आपला अविभक्त हिस्सा किती, ते बोल. (जवळच्या काचीगुड्याचा मराठी शेजार दुरावेल ही माझी खरी कुरकुर, ती मी पोटातच ठेवली.) शेवटी ठरलं: नंबर हातात पडेपर्यंत टोकनचा एक रुपयाही द्यायचा नाही.