जिवंत भेटीचा खेळ थांबवा

नाताळ जवळ आला की बाजारात तारे, कंदील आणि केक यांच्या जोडीने आणखी एका मालाला उठाव येतो. गळ्याला लाल फीत बांधलेले कुत्र्याचे पिल्लू, पिंजऱ्यातील पक्ष्यांची जोडी, काचेच्या भांड्यातील कासव! लेकरांचे डोळे चमकतात, देणाऱ्या मामा-मावशीचे कौतुक होते, छायाचित्रे निघतात. या प्रथेला आमचा स्पष्ट विरोध आहे.

भेटवस्तूचा एक अलिखित नियम असतो. ती आवडली नाही, तर घेणाऱ्याने मुकाट्याने फडताळात ठेवावी. जिवंत प्राणी फडताळात ठेवता येत नाही. त्याला वेळेवर खायला लागते, रोज फिरवावे लागते, लस टोचून घ्यावी लागते, आजारपणात त्याच्यासाठी रात्र जागावी लागते. कुत्रा साधारणपणे दहा ते तेरा वर्षे जगतो. म्हणजे देणारा एका संध्याकाळचे कौतुक पदरात पाडून घेतो आणि दुसऱ्याच्या घरावर, न विचारता, तपभराची जबाबदारी टाकतो. याला औदार्य म्हणावे काय?

पुढचा अंक आम्ही चर्चच्या आवारातून पाहत आलो आहोत. नाताळात ओंजळीत मावणारे लॅब्राडोरचे पिल्लू जूनपर्यंत वीस-पंचवीस किलोंचे होते. त्याच सुमारास शाळा उघडतात, पाऊस लागतो, शेजाऱ्यांच्या तक्रारी सुरू होतात. मग एखादे सद्‌गृहस्थ दाराशी येतात, "फादर, तुमचं आवार मोठं आहे, ठेवून घ्या ना!" जे येतात ते त्यातल्या त्यात सज्जन. बाकीचे रात्री महामार्गावर गाडीचे दार उघडून मोकळे होतात. घरात वाढलेल्या त्या जनावराला ना रस्ता ओलांडता येतो, ना गल्लीतल्या कुत्र्यांशी झुंजता येते.

कासवाची गत निराळी नाही. नाण्याएवढे विकले जाणारे लाल कानाचे कासव मूळचे अमेरिकेचे. ते वाढून जवळजवळ फूटभर होते आणि काही दशके जगू शकते. भांडे अपुरे पडले की लोक त्याला तळ्यात सोडतात आणि पुण्य केल्याचे समाधान मानतात. प्रत्यक्षात ते इथल्या कासवांचे अन्न आणि जागा बळकावते.

कायदा आहे, पण त्याचे दात पडलेले आहेत. उपाशी मरेल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे; पहिल्या गुन्ह्यास दंड मात्र दहा ते पन्नास रुपये! तेव्हा आपल्या विवेकालाच आवाहन करणे भाग आहे.

कोणी म्हणेल, प्राण्यामुळे मुलांना दया शिकता येते. अगदी मान्य. परंतु जो जीव खेळण्यांच्या ढिगाऱ्यात फीत बांधून येतो आणि सहा महिन्यांत नाहीसा होतो, त्याच्यापासून मूल दया शिकत नाही. नकोसे झालेले टाकून द्यावे, हेच शिकते. ब्रिटनमध्ये १९७८ साली एका श्वानरक्षक संस्थेने, कुत्रा नाताळपुरता नसून जन्मभराचा असतो, अशा आशयाचे घोषवाक्य दिले. तिथल्या लोकांनाही हे सांगावे लागले होते.

प्राणी घरी आणूच नये, असे आम्ही म्हणत नाही. नाताळ उलटू द्या, परीक्षा संपू द्या. मग घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे. खाऊ कोण घालणार, पहाटे फिरवणार कोण, मे महिन्यात गावी गेल्यावर सांभाळणार कोण, खर्च कोण उचलणार? चारही प्रश्नांना उत्तरे मिळाली, तर सर्वांनी मिळून जावे आणि एखादे बेवारस पिल्लू घरी आणावे. ते भेट म्हणून नव्हे, घरचा घटक म्हणून येईल.

आपल्या गव्हाणीच्या देखाव्यात बैल आणि गाढव उभे असतात. त्यांना तेथे कोणी भेट म्हणून आणलेले नाही. गोठा त्यांचाच होता. बाळ त्यांच्याकडे आश्रयाला आले होते. आणि आपल्या भाषेत जनावर पाळतात, तसे वचनही पाळतात. ज्याला दुसरे जमणार नसेल, त्याने पहिल्याच्या वाटेस जाऊ नये.